न्यूयॉर्कमध्ये कोपऱ्यावरच्या बेगलच्या दुकानात पहिल्यांदा जाताना

"प्लेन बेगल, विथ एव्हरीथिंग."

क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्समध्ये राहायला आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी हे वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं. बेगल म्हणजे कडीसारखा, मध्ये भोक असलेला पाव. काउंटरपलीकडच्या माणसाचा हात टोपलीवरच थांबला. "प्लेन ऑर एव्हरीथिंग?" त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा तेच, जरा सावकाश म्हटलं. माझ्या डोक्यात दादरचा सँडविचवाला होता: कांदा, टोमॅटो, काकडी, बीट, सगळं घाला. काउंटरवाल्याच्या लेखी 'एव्हरीथिंग' ही बेगलची एक जात. मागे दहा माणसं उभी. त्यातल्या एका बाईंनी घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला. मी घाबरून नुसतं "एव्हरीथिंग" म्हणून मोकळी झाले आणि हातात पडला तो कांदा, लसूण, तीळ लावलेला कोरडा ठणठणीत बेगल. आत काही नाही, कारण आत काय हवं ते मी सांगितलंच नव्हतं. सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, फलाटावर उभं राहून मी तो चावून चावून संपवला.

त्याला दहा वर्षं झाली. दर सप्टेंबरात इथे कोणी ना कोणी नवं येतं. विद्यार्थी, नोकरीवाले, नातवंडं सांभाळायला आलेले आईबाबा. त्यांना मी हे सगळं तोंडी सांगत आले, आता एकदाचं लिहून काढते. बेगलच्या दुकानात अवघड काही नसतं. चार-पाच प्रश्नांची उत्तरं ठरावीक क्रमाने, एका दमात द्यायची असतात, एवढंच. तो क्रम भिंतीवर कुठे लिहिलेला नसतो, म्हणून आपली फजिती होते.

निघण्याआधी जवळ काय हवं

- २० डॉलरची एक नोट. कार्ड असलं तरी. कारण पायरी ७ मध्ये.
- घरच्यांची फर्माईश फोनवर लिहून घेतलेली. काउंटरशी उभं राहून नवऱ्याला फोन लावणं हा इथे गुन्हा समजतात.
- डझनभर घ्यायचे असतील तर कापडी पिशवी. गरम बेगल कागदी पिशवीत घाम सोडतात आणि पिशवीचा तळ जिन्यात सुटतो.
- पाठ केलेलं एक वाक्य. ते पुढे येईल.

पायरी १. दुकान पारखून घ्या

सुरुवात प्रसिद्ध दुकानापासून करू नका. ह्यूस्टन स्ट्रीटवरचं रस अँड डॉटर्स १९१४ सालचं आहे, मासे तिथे उत्तमच मिळतात, पण रांगेत अर्धे लोक फोटो काढायला आलेले असतात. तुम्हाला हवं ते घरापासून चालत पाच मिनिटांवरचं, जिथे सकाळी सात वाजता पोलीस, नर्सा आणि शाळेची बस चालवणारे दिसतात ते दुकान.

आत शिरलात की मागच्या बाजूला नजर टाका. मोठं पातेलं आणि वाफ दिसली तर शुभ. खरा बेगल आधी पाण्यात उकळून काढतात आणि मग भाजतात. ग्लूटेन जास्त असलेलं पीठ, पाणी, मीठ, यीस्ट आणि बार्लीचं माल्ट यांची घट्ट कणीक मळायची, कडी वळायची, रात्रभर थंडाव्यात ठेवायची, सकाळी उकळत्या पाण्यात बुडवून काढायची. मग ओलं गोणपाट गुंडाळलेल्या लांब फळ्यांवर मांडून भट्टीत सारायची आणि वरची बाजू वाळली की फळी उलटी करून कडी थेट भट्टीच्या दगडावर पाडायची. अमेरिकेत गोणपाट एवढ्या मानाच्या ठिकाणी मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

उकळण्याचा खटाटोप नको म्हणून काही ठिकाणी नुसत्या वाफेच्या ओव्हनमध्ये भाजतात. ओळखायचं कसं? बेगल उलटा करून बघा. तळाला जाळीचे ठिपकेदार ठसे असतील तर तो वाफेवरचा. उकळलेल्याची पाठ चकचकीत असते, कातडीवर बारीक फोड असतात, आणि चावताना दातांना थोडी झटापट करावी लागते. गोव्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतली कांकणं खाल्ली असतील तर आकार ओळखीचा वाटेल, पण कांकण कुरकुरीत मोडतं. बेगल मोडत नाही, ताणला जातो.

खिडकीवर 'हँड रोल्ड' लिहिलेलं असतं त्यामागे मोठी गोष्ट आहे. पोलंडमधल्या क्राकूव्हच्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत बेगलचा उल्लेख सापडतो. पूर्व युरोपातून स्थलांतरित आले तेव्हा तो न्यूयॉर्कला आला. इथल्या बेगल भाजणाऱ्यांची लोकल ३३८ नावाची युनियन होती, सभासद फक्त ३०० च्या आसपास, कामकाज यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, आणि आत शिरायचं तर बहुधा बाप किंवा काका सभासद असावा लागे. १९५१ च्या डिसेंबरात तंटा पेटला तेव्हा शहरातल्या ३४ पैकी ३२ बेकऱ्या बंद पडल्या, आणि वर्तमानपत्रांनी बेगलचा दुष्काळ पडल्याच्या बातम्या छापल्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅनियल थॉम्पसनचं बेगल वळणारं यंत्र आलं आणि युनियनची सद्दी संपली. तेव्हापासून हाताने वळलेला हा पाटी लावून सांगायचा विषय झाला.

"न्यूयॉर्कचं पाणीच वेगळं" असं तुम्हाला पहिल्या आठवड्यात कोणीतरी ऐकवेल. इथलं पाणी मऊ आहे हे खरं. पण आपल्याकडेही रस्सा बिघडला की लोक कोल्हापूरच्या पाण्याचं नाव सांगतात, त्यातलाच हा प्रकार. फरक पडतो तो रात्रभराच्या थंडाव्याने आणि त्या पातेल्याने.

आणि दुकानदार ज्यूच असला पाहिजे हा समज सोडा. ब्रॉडवेवर १०८व्या रस्त्याजवळ अ‍ॅब्सल्यूट बेगल्स होतं, फुटपाथवर रांग लागायची. ते थायलंडहून आलेल्या माणसाने काढलेलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद झालं तेव्हा त्या भागातले लोक घरचं कोणी गेल्यासारखे हळहळले.

पायरी २. वेळ साधा

बहुतेक दुकानं पहाटे सहाच्या सुमारास उघडतात. कामाच्या दिवशी साडेसात ते नऊ धावपळीची रांग, पण भराभर सरकणारी. रविवारी नऊ ते बारा जाऊ नका. ती रांग कुटुंबवाल्यांची असते, प्रत्येक जण सहा जणांचं घेतो आणि त्यातल्या दोघांचं तिथेच उभं राहून ठरतं. दुपारी दोननंतर गेलात तर टोपल्यांत ब्लूबेरी उरलेला असतो. का उरला ते खाल्ल्यावर कळेल.

दुकान कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम पाळणारं, असेल तर शुक्रवारी दुपारी बंद होतं आणि शनिवारी सूर्यास्तापर्यंत उघडत नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींना 'शनवार तेली' का म्हणत ते आठवा: शनिवारी घाणा बंद. तोच हा शब्बाथ. थंडीच्या दिवसांत सूर्य साडेचारला मावळतो, तेव्हा शुक्रवारी जेवणानंतर रमतगमत निघालात तर दाराला कुलूप. वसंतात पासओव्हर या ज्यूंच्या सणाचे आठ दिवस अशी दुकानं पूर्ण बंद असतात, कारण त्या काळात फुगवलेला पाव वर्ज्य.

पायरी ३. आधी बेगल ठरवा, मग बाकीचं

रांगेत उभं राहण्याच्या आधी, दारातूनच टोपल्या बघून ठरवा. ओळख करून देते:

- प्लेन: साधा. दुकानाची परीक्षा यावरच होते.
- सेसमी: दोन्ही बाजूंनी तीळ. नवख्यांसाठी माझी पहिली शिफारस.
- पॉपी: काळसर निळी खसखस. दातांत अडकते, मीटिंगच्या आधी नको.
- एव्हरीथिंग: तीळ, खसखस, वाळवलेला कांदा, लसूण आणि जाड मीठ. दिवसभर तोंडाला वास राहतो.
- सॉल्ट: जाड मिठाचे खडे. अर्धे झटकून टाकावे लागतात.
- एग: पिठात अंडं, म्हणून पिवळा आणि मऊ. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाहेरून अंड्याचं काही दिसत नाही.
- पंपरनिकल: राय धान्याच्या पिठाचा, काळपट, किंचित आंबूस.
- सिनॅमन रेझिन: दालचिनी-मनुके. गोड.

या शेवटच्याबद्दल एक सूचना. याच्यावर लोणी किंवा साधं क्रीम चीज, बस. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत उतरलेली अभिनेत्री सिंथिया निक्सन झेबार्स या दुकानात गेली आणि सिनॅमन रेझिनवर मासा, कांदा, टोमॅटो मागवून बसली. शहरात एवढी चर्चा तिच्या जाहीरनाम्याची झाली नसेल. तुम्हाला कोणी अडवणार नाही, पण काउंटरवाला एकदा वर बघेल.

शेजारच्या टोपलीत भोक नसलेलं, मध्ये खड्ड्यात कांदा भरलेलं, पांढुरकं काही दिसलं तर तो बियाली. पोलंडच्या ब्यावीस्तोक गावावरून नाव पडलं. तो उकळत नाहीत, नुसता भाजतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला जरूर घ्या.

पायरी ४. टोस्ट करायचा का?

हा प्रश्न हमखास येतो आणि यावर इथले लोक हमरीतुमरीवर येतात. माझा नियम सोपा: काउंटरवर पोचल्यावर "व्हॉट्स हॉट?" विचारा. भट्टीतून नुकताच आलेला असेल तर टोस्ट करू नका. गरम भाकरी पुन्हा तव्यावर टाकायला कोणी सांगत नाही. सकाळी सहाचा बेगल अकरा वाजता घेत असाल तर खुशाल "टोस्टेड" म्हणा. टोस्ट केल्यावर क्रीम चीज वितळतं आणि पहिल्याच घासाला भोकातून शर्टावर येतं, ही त्याची किंमत.

'स्कूप्ड' असाही एक शब्द ऐकाल. म्हणजे बेगलचा आतला गाभा बोटांनी कोरून फेकायचा आणि नुसती साल भरून घ्यायची. वजनाची काळजी असणारे करतात. मला ते बघवत नाही. कमी खायचं तर अर्धा खावा.

पायरी ५. आत काय?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

क्रीम चीज. 'श्मिअर' म्हणजे तेच, यिडिशमधला लेप. नाव लेप असलं तरी प्रत्यक्षात बोटभर जाडीचा थर मिळतो. आईला इथे आल्यावर पहिल्यांदा दिला तेव्हा तिने सुरीने अर्ध्याहून जास्त काढून वाटीत ठेवला आणि संध्याकाळी त्यात पिठीसाखर, वेलदोडा घालून पोळीबरोबर वाढला. चक्का समजली होती. कमी हवं असेल तर "लाइट क्रीम चीज" म्हणू नका, ते कमी चरबीचं वेगळं क्रीम चीज निघतं. "जस्ट अ लिटल क्रीम चीज" म्हणा. चवींपैकी स्कॅलियन म्हणजे कांद्याची पात, आपल्या जिभेला सगळ्यात लवकर पटणारी. व्हेजी म्हणजे गाजर, मुळा, ढोबळी मिरची वगैरे बारीक चिरून. हॅलपिनो मिरचीचं तिखट म्हणून घ्याल तर निराश व्हाल.

लोणी. "विथ बटर" म्हटलं तर लोण्याची वडीच आत ठेवल्यासारखं वाटतं. बन-मस्क्याची सवय असणाऱ्यांना हे स्वस्तातलं सुख आहे.

अंडं. "एग अँड चीज" हा न्यूयॉर्कचा वडापाव समजा. सबवे पकडायच्या आधी एका हातात मावणारा. पण हे दोन शब्द भराभर म्हटले की ऐकणाऱ्याच्या कानात 'बेकन', म्हणजे डुकराचं मांस, आपोआप जोडलं जातं, कारण दिवसाला शंभर जण 'बेकन, एग अँड चीज' मागत असतात. माझे सासरे माळकरी. त्यांच्यासोबत मुक्कामाला आलेल्या पुतण्याने, अंडं खाणाऱ्या, स्वतःसाठी एग अँड चीज घेतला आणि एका दुकानात त्याला बेकन घालून मिळाला. तेव्हापासून मी "एग अँड चीज, नो मीट" असं म्हणते, 'नो मीट'वर जोर देऊन. मग लगेच प्रश्न येतो: "सॉल्ट-पेपर-केचप?" हे तिन्ही शब्द मिळून एकच शब्द असल्यासारखा येतो. हो किंवा नाही, एवढंच उत्तर.

मासा. मासे खाणाऱ्यांनी इथवर येऊन बेगल आणि मासा न खाता परत जाऊ नये. लॉक्स म्हणजे मुळात मिठात मुरवलेला, धुरी न दिलेला सामन मासा, भलताच खारट. नोव्हा म्हणजे मिठात मुरवून मग थंड धुरी दिलेला, सौम्य. सगळे लॉक्स म्हणतात आणि बहुतेकांना हवा असतो नोव्हा, म्हणून तुम्ही "नोव्हा"च म्हणा. तो शिजवलेला नसतो, नारिंगी, पातळ, रेशमी काप असतात. मालवणी घरातून आलेल्यांना पहिला घास कच्चा वाटतो, तिसरा नाही. सोबत टोमॅटो, लाल कांदा आणि केपर्स, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कळ्या. व्हाइटफिश सॅलड नावाने फसू नका, त्यात पालाभाजी नसते. धुरी दिलेला पांढरा मासा कुस्करून मेयोनेजमध्ये कालवलेला असतो आणि त्याचा दर्प सुक्या मासळीच्या बाजाराशी नातं सांगतो. मला आवडतो. नवरा खिडकी उघडतो. गरोदर बायकांनी मात्र हा धुरीचा गार मासा टाळावा, असा इथल्या आरोग्य खात्याचाच सल्ला आहे.

शाकाहारी, जैन आणि चातुर्मासवाल्यांसाठी वेगळं

साध्या दुकानात बेकन आणि अंडं एकाच तव्यावर होतं, आणि मासा कापलेली सुरी नुसती पुसून क्रीम चीजच्या बेगलला लावली जाते. चालत नसेल तर 'कोशर डेअरी' दुकान शोधा. कोशरमध्ये मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे क्रीम चीज विकणाऱ्या कोशर दुकानात मांसाला प्रवेशच नसतो. मात्र मासा आणि अंडं त्यांच्या हिशेबात मांसात येत नाही, ते तिथेही असणार. मग "कॅन यू युज अ क्लीन नाइफ, प्लीज?" म्हणायचं. कोणी तोंड वाकडं करत नाही. या शहरात रोज यापेक्षा विचित्र मागण्या येतात.

सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात. त्यांच्यासाठी मी प्लेन घेते तो टोपलीच्या तळातून मागते, कारण एव्हरीथिंगची टोपली बहुतेक वरच्या कप्प्यात असते आणि तिचा सडा खाली पडत असतो. आणि "व्हेजी क्रीम चीज" व्हेज असलं तरी त्यात कांदा असू शकतो, विचारून घ्या.

पायरी ६. काउंटर

इथे रांगेला 'इन लाइन' नाही, 'ऑन लाइन' म्हणतात. "आर यू ऑन लाइन?" असं मागून कोणी विचारलं तर इंटरनेटचा संबंध नाही, तुम्ही रांगेत आहात का एवढंच विचारलंय.

"नेक्स्ट!" अशी हाक आली की पुढे व्हा आणि हे वाक्य म्हणा:

"कॅन आय गेट अ सेसमी, टोस्टेड, विथ स्कॅलियन क्रीम चीज, टु गो."

क्रम बघा: कोणता बेगल, टोस्टेड की नाही, आत काय, इथे की बांधून. बेगल हा शब्दसुद्धा म्हणायचा नाही, बेगलच्याच दुकानात आहात. तुम्ही या क्रमाने बोललात की समोरचा तुम्ही बोलत असतानाच कामाला लागलेला असतो. डावीकडून बेगल उचलला, करवतीसारख्या सुरीने आडवा कापून एका झटक्यात दोन केला, दोन्ही तबकड्या टोस्टरच्या सरकत्या पट्ट्यावर टाकल्या. तेवढ्यात तुमच्यामागच्याची ऑर्डर घेतली. बेगल पलीकडून घसरत आला की रुंद पात्याने डब्यातून गोळा काढला, मनगट एकदाच फिरवलं, कागद खाली, कागद वर, दोन घड्या, आणि शेवटी कागदासकट मधोमध सुरी. तो कागदाचा 'चर्र' आवाज आला की तुमचं काम झालं, गल्ल्याकडे सरका. हे सगळं मी एकदा मोजलं होतं: टोस्टर सोडून चाळीस सेकंद.

एकापेक्षा जास्त घ्यायचे असतील तर पहिल्यांदाच आकडा सांगा: "थ्री सँडविचेस". मग एकेक पूर्ण सांगा. "दोन सेसमी, एक प्लेन, नाही, त्यातला एक टोस्टेड" असं सांगितलंत की तुमचं आणि त्याचं दोघांचंही बिघडतं.

प्लीज, थँक यू भरपूर लागत नाही. आपल्याला ते लोक तुटक वाटतात. पण "हाय, हाऊ आर यू?" करत मागच्या दहा जणांना खोळंबून ठेवणं हाच इथे उद्धटपणा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तोच माणूस तुम्हाला बघून "सेसमी स्कॅलियन?" विचारेल. त्या दिवशी मला नागरिकत्व मिळाल्यासारखं वाटलं होतं.

कॉफीचा सापळा: "रेग्युलर कॉफी" म्हणजे साधी किंवा मध्यम आकाराची असं समजाल. न्यूयॉर्कच्या जुन्या बोलीत 'रेग्युलर' म्हणजे दूध-साखर घातलेली. "लाइट अँड स्वीट" म्हणजे दूध जास्त, साखर जास्त, आपल्याकडच्याच्या जवळपास जाणारी. काहीच नको तर "ब्लॅक". चहा मागू नका. गरम पाण्याच्या पेल्यात पिशवी सोडून देतात आणि पैसे घेतात.

पायरी ७. पैसे

कार्ड असूनही नोट का? कारण शहरात २०२० पासून दुकानदाराला रोख नाकारता येत नाही, कार्ड मात्र नाकारता येतं. छोटी दुकानं १० डॉलरच्या खाली क्रेडिट कार्ड घेत नाहीत, तेवढी किमान रक्कम लावायची कायद्याने मुभा आहे. मग लोक चार डॉलरच्या बेगलसाठी ज्यूसच्या दोन बाटल्या विकत घेतात. मीही घेतल्या आहेत.

अंदाज असा धरा: नुसता बेगल दीड ते अडीच डॉलर, क्रीम चीजसह चार ते सहाच्या आसपास, नोव्हा घातला की पंधराच्या पुढे सहज.

आता एक गंमत, जी इथे जन्मलेल्यांनाही माहीत नसते. अख्खा, न कापलेला, गार बेगल घरी न्यायला घेतलात तर तो वाणसामान समजला जातो, त्यावर विक्रीकर नाही. तोच बेगल कापून द्या म्हटलं, गरम करून घेतला किंवा तिथे बसून खाल्ला तर तो तयार खाद्यपदार्थ झाला, त्यावर शहरात ८.८७५ टक्के कर. म्हणजे दोन डॉलरच्या बेगलवर सुरी फिरली की २ डॉलर १८ सेंट. एकाला कोणी मोजत नाही, पण पाहुण्यांसाठी २० डॉलरचे घेतले तर पावणेदोन डॉलर नुसते कापायचे जातात. घरी सुरी आहे ना? करवती पात्याची घ्या, बेगल फळीवर आडवा ठेवा, तळहात वर सपाट. तळहातात धरून कापू नका. माझ्या डाव्या अंगठ्यावर खूण आहे.

डझन म्हटलं की बऱ्याच दुकानांत तेरा मिळतात. तेराव्याला वेगळं सांगावं लागतं, "अँड द थर्टीन्थ?" म्हणून तो थांबतो. तेव्हा गोंधळू नका, सांगा.

टिप: गल्ल्याजवळ बरणी असते, एखादा डॉलर किंवा सुटी चिल्लर टाकली की पुरे. हल्ली पैसे भरायच्या यंत्राचा पडदा तुमच्याकडे वळवतात आणि त्यावर १८, २०, २५ टक्के असे चौकोन असतात. नुसता बेगल उचलून घेतला असेल तर 'नो टिप' दाबताना घाम फुटू देऊ नका. सहा सँडविचं करून घेतलीत तर मात्र टिप द्या.

पायरी ८. खायचा कसा, ठेवायचा कसा

कागद पूर्ण उघडू नका. अर्धा भाग कागदात धरूनच खायचा आणि खात खात कागद खाली सोलायचा. सुरी-काट्याने खाऊ नका. आणि पोट बघून घ्या: एक भरलेला बेगल म्हणजे दुपारचं जेवण झालं.

उरलेले फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. फ्रिजच्या थंडाव्यात पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि चामट होतो. आज खाणार असाल तर कागदी पिशवीत ओट्यावर. नाहीतर आणल्या दिवशीच आडवे कापून, पिशवीतली हवा काढून फ्रीजरमध्ये. आधी कापायचं हे विसरलात तर गोठलेला बेगल कापता येत नाही, पाट्यावरचा वरवंटा होतो. बाहेर काढून थेट टोस्टरमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद ठेवला की मऊ लुसलुशीत निघतो आणि दोन मिनिटांत चपलेचा तळ होतो.

भारतात न्यायचे असतील तर एक इशारा. दुबईमार्गे तिकीट असेल तर पॉपी आणि एव्हरीथिंग सामानात नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे, आणि आपण मसाल्यात सर्रास वापरतो म्हणून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनीही तेच पाळावं. प्लेन किंवा सेसमी न्या, आदल्या रात्री गोठवून, कपड्यांच्या मधोमध. सासूबाई मागच्या खेपेला तेरा घेऊन गेल्या. सांगलीत त्यांनी ते तव्यावर तूप सोडून भाजले आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर शेजाऱ्यांना दिले. शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, "भोक कशाला पाडलंय?"